अमाल्रिकला ज्योतिषी म्हणू नका!

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे आधी कोणते पान उघडले जाते, हे संपादकांना न कळलेलेच बरे. कथा, कविता, परिसंवाद या सर्वांना ओलांडून माणसे थेट वार्षिक राशिभविष्यावर जातात. मीही जातो. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही माझी वृश्चिक रास मला सोडत नाही, हे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी जो वाद घालणार आहे तो सोवळ्यात बसून घातला असे कोणी म्हणणार नाही.

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाची ताटे आली, आणि मेहुणे अंक चाळता चाळता म्हणाले, "मास्तर, हे आपले भविष्यवाले काय सांगणार? खरा ज्योतिषी तो रशियन अमाल्रिक! १९६९ सालीच सांगून मोकळा झाला की सोव्हिएत युनियन मोडणार म्हणून." त्यावर भाचा चकलीचा तुकडा मोडीत म्हणाला, "पण मामा, त्याने १९८४ साल दिले होते. मोडले १९९१ ला. आणि चीनशी मोठे युद्ध होणार म्हणाला होता, ते झालेच नाही. म्हणजे निम्मेच गुण." बापलेकांचे तेवढ्यावर एकमत झाले आणि ते दोघे सिंह राशीकडे वळले.

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. बहिणीच्या घरी सणाच्या दिवशी वाद घालू नये एवढे वळण मला आहे, म्हणून मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला वर्षभर पुरले आहे. ज्या माणसाने आयुष्यभर इतिहासकाराचे काम केले, त्यापायी पदवी घालवली, सैबेरिया पाहिला आणि मायदेश गमावला, त्याला आम्ही पोपटवाल्याच्या शेजारी बसवून गुण देतो! हे त्याच्या भविष्याचे कौतुक नव्हे आणि टीकाही नव्हे. त्याने केलेल्या अवघड गोष्टीकडे पाहावे लागू नये म्हणून काढलेली ती पळवाट आहे.

आंद्रेई अमाल्रिक १९३८ साली १२ मे रोजी मॉस्कोत जन्मला. वडील इतिहासकार होते आणि महायुद्धात जखमी झालेले होते. मुलगा शाळेत काही फार शहाणा म्हणून गाजला नाही; शाळेतून त्याला काढलेदेखील होते. तरी १९५९ साली मॉस्को विद्यापीठाच्या इतिहास विभागात त्याला प्रवेश मिळाला, आणि तिथे त्याने विषय निवडला तो रशियाच्या पहिल्या राज्याचा: नवव्या शतकातले कीव्हचे राज्य कोणी उभे केले?

आता आपल्याला वाटेल, हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या या प्रश्नाने कोणाचे काय बिघडते? रशियात फार बिघडते, आणि आजचे नव्हे, अडीचशेहून अधिक वर्षांपासून. जुन्या रशियन बखरीत अशी कथा आहे की आपसात भांडणाऱ्या टोळ्यांनी समुद्रापलीकडच्या वारँगियनांना, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांना, राज्य करायला बोलावले आणि ८६२ साली रूरिक नावाचा सरदार आला. १७४९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत म्युलर नावाच्या जर्मन इतिहासकाराने या विषयावर व्याख्यान लिहिले. लोमोनोसोव्ह हा रशियाचा मोठा शास्त्रज्ञ आणि कवी. तो खवळून उठला. रशियनांना राज्य करता येत नव्हते म्हणून परके आणावे लागले, असे हा उपटसुंभ म्हणतो काय! व्याख्यान दाबले गेले आणि पुढच्या वर्षी म्युलरची प्राध्यापकाच्या पदावरून खालच्या जागी रवानगी झाली. तेव्हापासून या पक्षाला 'नॉर्मनवादी' आणि उलट पक्षाला 'नॉर्मनविरोधी' म्हणतात.

सोव्हिएत काळात नॉर्मनविरोध हे सरकारी मत झाले. त्याला एक कारण होते, आणि ते मी लपवणार नाही. हिटलरच्या माणसांनी हा वाद आपल्या विषारी कामाला जुंपला होता. स्लाव्ह लोक जन्मतःच राज्य करायला नालायक, त्यांना जर्मन वंशाचा धनी लागतो, असे ते सांगत, आणि तसे सांगत रशियात घुसले. त्या युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. ज्या घरातून माणूस गेला आहे त्या घरात जाऊन 'रूरिक स्वीडिश होता' असे सांगणे सोपे नसते. विद्यापीठातल्या सगळ्याच प्राध्यापकांना मी म्हणून खलनायक ठरवीत नाही.

परंतु पुरावा पाहा. ८३९ साली बिझंटियमच्या बादशहाकडून फ्रँकांच्या राजाकडे जी वकिलात गेली तिच्याबरोबर स्वतःला 'रोस' म्हणवणारी काही माणसे होती. राजाने चौकशी केली तेव्हा ती स्वीडिश निघाली. ९११ साली रूस लोकांनी बिझंटियमशी तह केला, त्यातल्या वकिलांची नावे कार्ल, इंगेल्ड, वेर्मुद अशी आहेत. दहाव्या शतकाच्या मध्याला कॉन्स्टन्टिन बादशहाने नीपर नदीच्या धबधब्यांची नावे लिहून ठेवली, ती दोन भाषांत: एक स्लाव्ह, दुसरी 'रूसी', आणि ती 'रूसी' नावे स्कँडिनेव्हियन भाषेशी जुळतात. स्मोलेन्स्कजवळ ग्न्योझ्दोव्होच्या थडग्यांत त्यांची शस्त्रे आणि दागिने सापडले आहेत. हे लोक दोन-तीन पिढ्यांत स्लाव्ह होऊन गेले, त्यांच्या नातवा-पणतवांची नावे स्व्यातोस्लाव्ह, व्लादिमीर अशी झाली, हेही तितकेच खरे. तरुण अमाल्रिकने आपल्या प्रबंधात स्कँडिनेव्हियन योद्धे-व्यापारी आणि ग्रीक यांच्याकडे मुख्य श्रेय दिले. कदाचित त्याने माप थोडे जास्तच झुकवले असेल. पंचविशीत माप जरा झुकतेच. पण त्याला कोणी असे म्हटले नाही की तुझा पुरावा कच्चा आहे, आणखी शोध. त्याला निष्कर्ष बदलायला सांगितले. त्याने नकार दिला. १९६३ साली त्याला विद्यापीठातून काढून टाकले.

माझ्या मते अमाल्रिकच्या चरित्रातले सगळ्यात मोठे पान हेच आहे, आणि तेच कोणी वाचत नाही. तिथे तुरुंग नाही, जगभरची वर्तमानपत्रे नाहीत, टाळ्या नाहीत. एक विद्यार्थी, एक प्रबंध, आणि दोन-चार वाक्ये बदलली की हाती पडणारी पदवी.

इथे मला स्वतःविषयी सांगितलेच पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मला गावाचा इतिहास लिहायला सांगितला. जुने मोडी कागद चाळताना मला असे आढळले की गावाला ज्याचा अभिमान आहे ते तळे आसपासच्या वाड्यांवरील माणसांना वेठीला धरून खोदून घेतले होते. मी चार ओळी लिहिल्या. मंडळींनी मला चहाला बोलावले. कोणी दरडावले नाही, कोणी आवाजदेखील चढवला नाही. 'मास्तर, तुम्ही लिहिता ते खरेच असणार. पण सोहळ्याचे दिवस आहेत, कोणाच्या भावना दुखवायच्या कशाला?' एवढेच म्हणाले. मी चार ओळी काढल्या. पुढे शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. नारळाची चटणी झाली. शाल अजून आहे, थंडीत वापरतो. त्या मंडळींवर माझा राग नाही. ओळी त्यांनी काढल्या नाहीत, मी काढल्या. म्हणून मेहुणे जेव्हा अमाल्रिकला ज्योतिषी म्हणतात तेव्हा मला दुसरेच काही ऐकू येते. ज्योतिषी म्हटले की त्याचे आणि आपले नाते संपते. त्याला दैवी देणगी होती, आपल्याला नाही, झाले! पण 'नाही, ही ओळ मी काढणार नाही' एवढे म्हणायला कोणती दैवी देणगी लागते?

असो. पदवीवाचून बाहेर पडलेल्या या तरुणाने मिळेल ते काम केले, आजारी वडिलांची शुश्रूषा केली, नाटके लिहिली, बंडखोर चित्रकारांची चित्रे जमवली. आपले संशोधन एका डॅनिश विद्वानापर्यंत पोहोचावे म्हणून डॅनिश वकिलातीमार्फत धडपड केली, तेव्हा गुप्त पोलिसांची नजर त्याच्यावर स्थिरावली. १९६५ साली त्याला पकडले. नाटके अश्लील आहेत असा आरोप आधी ठेवला, पण तज्ज्ञ साक्षीला उभे राहिनात. मग 'परोपजीवी' म्हणून खटला भरला. आपल्या भाषेत सांगायचे तर समाजाच्या झाडावरचे बांडगूळ. आदल्याच वर्षी कवी ब्रॉडस्कीला याच कायद्याखाली शिक्षा झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या बापाचे करणे हे काही काम नव्हे, असा त्या कायद्याचा हिशेब. अडीच वर्षांची हद्दपारी झाली, ती तोम्स्क प्रांतातल्या गुर्येवका नावाच्या खेड्यात. वडील तो तिकडे असतानाच वारले. त्या निमित्ताने थोड्या दिवसांसाठी मॉस्कोला यायला मिळाले तेव्हा त्याने ग्युझेल या तातार चित्रकर्तीशी लग्न केले, आणि ती आपल्या पायांनी त्याच्याबरोबर सैबेरियात गेली. ग्युझेलविषयी वेगळा लेख कोणीतरी लिहायला हवा. नवऱ्याला शिक्षा होती, तिला नव्हती.

१९६६ साली वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि दोघे मॉस्कोला परतले. राहायला एक सामाईक बिऱ्हाड, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. सरकारच्या दृष्टीने सैबेरियाची हवा खाऊन हा मनुष्य सुधारायला हवा होता. झाले उलटे. मॉस्कोच्या विद्वानांना जे खेडे कोष्टकांतून दिसत होते ते त्याने सामुदायिक शेतीवर हाताला फोड आणून पाहिले होते. इतिहासकाराला सरकारने स्वखर्चाने पुरावा दाखवला म्हणायचा!

आणि मग १९६९ साली तो निबंध आला, ज्याच्यामुळे मेहुणे त्याला ज्योतिषी म्हणतात. सोव्हिएत युनियन १९८४ पर्यंत टिकेल काय, हे त्याचे नाव. आता या सालाची गंमत ऐका. त्याने आधी १९८० लिहिले होते, पूर्ण आकडा म्हणून. एका मित्राने ऑर्वेलच्या कादंबरीची आठवण देऊन १९८४ सुचवले, आणि त्याने ते घेतले. म्हणजे ज्या आकड्यावरून आमचे भाचेसाहेब निम्मे गुण कापतात, तो आकडा केवळ एक वाङ्मयीन कोटी होती! कोणताही कुंडलीवाला आपला मुहूर्त असा मित्राच्या सांगण्यावरून चार वर्षे पुढे ढकलणार नाही.

निबंधात ग्रह नाहीत. अकराशे वर्षांपूर्वीच्या राज्याला जे प्रश्न त्याने विचारले होते तेच त्याने डोळ्यांसमोरच्या राज्याला विचारले: हे कोणाच्या बळावर उभे आहे, वर कोण चढतो, खाली कोणाला काय हवे आहे? वर चढतो तो आज्ञाधारक. तो स्वतःहून दुबळा असा खालचा माणूस निवडतो. म्हणून दर पिढीला राज्यकर्ते अधिक सामान्य होत जातात. त्या काळी पाश्चात्य पंडित म्हणत होते की रशियात हळूहळू उदारपणा येतो आहे. अमाल्रिकने विचारले, कशावरून? म्हाताऱ्याची मूठ सैल झाली तर तो उदार झाला की थकला? पुढे त्याने लिहिले की संकट आले की वेगवेगळी राष्ट्रे सुटी होऊ लागतील, बाल्टिक, कॉकेशस, युक्रेन. पूर्व युरोप हातचा जाईल. जर्मनी पुन्हा एक होईल. त्या वर्षी हे म्हणणारा मनुष्य विक्षिप्त ठरत असे.

चुकलेही पुष्कळ. १९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीवर रशियन आणि चिनी सैनिकांत चकमकी झाल्या होत्या. त्या धुरात त्याला मोठे युद्ध दिसले, ते झाले नाही. सामान्य रशियन माणसाविषयी तर त्याने फार कडू लिहिले आहे. त्या माणसाला स्वातंत्र्य म्हणजे गोंधळ वाटतो आणि न्याय म्हणजे शेजाऱ्याचे आपल्यापेक्षा बरे न चालणे, असा त्याचा सूर. मला तो भाग अन्यायाचा वाटतो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये रणगाड्यांपुढे मॉस्कोच्या रस्त्यावर उभी राहिलेली माणसे त्याने पाहिली असती तर त्याला ती पाने पुन्हा लिहावी लागली असती. पण इतिहासकाराची चूक आणि ज्योतिषाची चूक यांत फरक आहे. ज्योतिषाचे चुकले तर त्यातून काही शिकता येत नाही. अमाल्रिकचे कुठे चुकले हे दाखवता येते, कारण त्याने आपली पायरी न् पायरी उघडी ठेवली आहे. शेवटी तो स्वतःच भविष्यवेत्त्यांची थट्टा करतो: रोमच्या भरभराटीत कोणी भविष्य सांगितले असते तर आणखी उंच इमारतींचे सांगितले असते, प्रत्यक्षात पुढच्या शतकात रोमच्या चौकात शेळ्या चरू लागल्या, जशा त्या हा निबंध लिहिताना त्याच्या खेड्यातल्या खिडकीखाली चरत होत्या.

निबंध ॲम्स्टरडॅमला छापला गेला, त्यावर लेखकाचे खरे नाव होते. आणि गंमत पाहा, तो लगेच पकडला गेला नाही म्हणून परदेशातल्या काही शहाण्यांनी शंका काढली की हा गुप्त पोलिसांचाच माणूस असावा! याच्या उलट मॉस्कोत तो पाश्चात्यांचा हस्तक. या हस्तकाने १९६८ साली बायकोला बरोबर घेऊन ब्रिटिश वकिलातीसमोर फलक धरून निदर्शने केली होती, ब्रिटन नायजेरियाच्या सरकारला शस्त्रे पुरवीत होते म्हणून. दोन्हीकडच्या लोकांनी याची नोंद घेतली असती तर शंका फिटली असती. १९७० च्या मे महिन्यात त्याला पकडले तेव्हा परदेशी शहाण्यांचे समाधान झाले असावे.

स्वेर्दलोव्स्कला खटला झाला. त्याने कामकाजात भाग घ्यायलाच नकार दिला. मते हा गुन्हा होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. तीन वर्षे. कोलीमाच्या वाटेवर मेंदूज्वराने मरता मरता वाचला. १९७३ साली सुटायची वेळ आली तेव्हा आणखी तीन वर्षे दिली. त्याने उपोषण केले, बाहेर ओरड झाली, तेव्हा छावणीऐवजी मगादानला हद्दपारी. १९७५ साली मॉस्कोला परतला, तर मॉस्कोत राहायचा परवाना नाही. १९७६ साली देश सोडावा लागला. हॉलंड, अमेरिका, मग फ्रान्स. तिकडेही तो कोणाच्या सोयीचा झाला नाही. रशियाशी गोडीगुलाबीने घ्यावे अशा मताचे फ्रेंच अध्यक्ष त्याला भेटेनात, तेव्हा १९७७ साली हा त्यांच्या प्रासादासमोर जाऊन निषेधाला उभा राहिला.

१२ नोव्हेंबर १९८० रोजी हेलसिंकी कराराचा आढावा घेणाऱ्या परिषदेसाठी तो माद्रिदला निघाला होता. गाडी स्वतः चालवत होता. ग्वादालाहाराजवळ ओल्या रस्त्यावर गाडी घसरून समोरून येणाऱ्या ट्रकवर गेली. अमाल्रिक जागच्या जागी गेला, वय ४२. ग्युझेल आणि बरोबरचे दोघे वाचले. त्याच्या मृत्यूभोवती रहस्यकथा रचण्याची मला गरज वाटत नाही. पाऊस आणि ट्रक पुरेसे आहेत. १९८४ साल उजाडले तेव्हा शारान्स्की तुरुंगात होता. त्याने पुढे सांगितले आहे की त्या वर्षी पोलीस अधिकारी अमाल्रिकच्या निबंधाची आठवण काढून त्याच्यापुढे हसले: तो केव्हाच मेला, आम्ही आहोत. १९९१ च्या डिसेंबरअखेर त्यांचे राज्य राहिले नाही.

म्हणून काय अमाल्रिक जिंकला? मेहुणे हो म्हणतील. मला तसे म्हणवत नाही, कारण ज्या प्रश्नावरून त्याला विद्यापीठातून काढले तो प्रश्न अजून तसाच आहे. २०१४ साली क्रिमियाचा घास हिटलरच्या ऑस्ट्रियाच्या घासासारखा आहे असे लिहिल्याबद्दल आंद्रेई झुबोव्ह या इतिहासकाराला मॉस्कोच्या संस्थेने नोकरीवरून काढले. २०२१ च्या जुलैत रशियाच्या अध्यक्षांनी लांबलचक लेख लिहून सांगितले की जुन्या कीव्हच्या राज्यापासून रशियन आणि युक्रेनी हे एकच; पुढच्या फेब्रुवारीत रणगाडे निघाले. त्या दोहोंच्या मध्ये, डिसेंबरात, स्टालिनच्या बळींची नावे गोळा करणारी 'मेमोरियल' ही संस्था न्यायालयाने बंद केली. नवव्या शतकात कीव्हला कोण होते, हे विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिले तर कोणाचे काय बिघडते, असे मी वर विचारले होते.

परवा त्या संस्थेचे चिटणीस घरी येऊन गेले. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे, मास्तर, शुद्धलेखन तेवढे पाहून द्या. मुद्रिते टेबलावर पडली आहेत. तळ्याचे पान सतरावे. मोडी कागदावरून उतरवलेल्या त्या चार ओळी मी खणातून काढून तिथे चिकटवल्या आहेत, आणि समासात सही केली आहे. भाऊबीज आटोपून आलो की मुद्रिते द्यायची आहेत. त्याआधी बहिणीकडे ती बरोबर नेणार आहे. मेहुण्यांचे शुद्धलेखन माझ्याहून चांगले आहे.